बांधात गेलेली माडी

बसा मंडळी, बसा. मागच्या बायामाणसांनी पुढं सरकावं, दिव्याजवळ जागा आहे. तबला लागला? पेटीवाले तयार? मग आज बुवा तुम्हाला आधी एक प्रश्न विचारणार. उत्तराची घाई करू नका बरं! माणूस मोठा केव्हा ठरतो? देतो तेव्हा, की दिल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी?

हां! हे खांबाला टेकलेले काका पुटपुटले, "देतो तेव्हा." सगळे असंच म्हणतात, काका. आम्ही देवळात पंखा देतो आणि पात्यावर नाव रंगवून घेतो. पण पंखा फिरला की नाव दिसत नाही ना! म्हणून ऐन उकाड्यात पंखा बंद ठेवायला लावणारा यजमान मी पाहिलाय! लोक घामानं निथळताहेत, पण नाव कसं स्वच्छ वाचता येतंय! हसा, पेटीवाले, तुम्हीही हसा. आणि आता ऐका.

तळकोकणात खाडीच्या तोंडाशी खारशेत नावाचं गाव. गावाच्या एका अंगाला खारं पाणी, दुसऱ्या अंगाला भाताची शेतं, आणि दोहोंच्या मधे दगडमातीचा एक लांबलचक बांध. बांध आहे तोवर भात! बांध फुटला, खाडी आत शिरली, की जमीन खारवते. मग पुढची कित्येक वर्षं तिथं गवताची काडी उगवत नाही, विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. म्हणून गावाचा रिवाज असा, की बांधावर हाक पडली तर घरटी एक माणूस आणि एक टोपली माती. कुणाला सूट नाही!

आणि या बांधाच्या टोकाला, थेट पाण्यावर, विश्रामशेट पारकरांची माडी. माडी म्हणजे कशी म्हणता? जांभ्याचे घडीव चिरे, काळ्या दगडाचं जोतं, सागवानाचे खांब, आणि दर्याकडे तोंड करून सबंध लांबीचा सज्जा! आजोबांनी गलबतांच्या व्यापारावर बांधलेली. परगावचे लोक होडीतून जाताना माना वर करून बघायचे. विश्रामशेट रोज सकाळी सज्जात बसून चहा घ्यायचे आणि म्हणायचे, अशी माडी पुऱ्या किनाऱ्याला नाही. खोटं नव्हतं ते. माणूस वाईट नव्हता, मंडळी. फक्त बांधावर हाक पडली की स्वतः जायचा नाही. गडी पाठवायचा. टोपली जायची, शेट घरी!

आली श्रावणातली अमावास्या. भात पोटरीला आलेलं, शेतं हिरवीगार. आणि उधाणाच्या भरतीनं बांधाला भगदाड पाडलं! सकाळी ओहोटी लागली तेव्हा गाव बघतो तो काय, खालची शेतं पाण्याखाली, आणि माडीच्या जवळच बांधात बैलगाडी जाईल एवढी वाट. दुपारी पुन्हा भरती! तोवर वाट बुजली नाही, तर गाव संपलं.

हाक पडली. टोपल्या धावल्या. पण माती टाकावी, ती पाणी घेऊन जातंय! भिकाजी गावकर, गावाचा पुढारी, तो म्हणाला, मातीनं होणार नाही, जड दगड पाहिजे. दगड कुठला? खाण डोंगरापलीकडे. मग लोकांनी काय केलं असेल? सांगा बघू! घरी पळाले आणि मिळेल तो दगड घेऊन आले. कुणी जातं आणलं, कुणी उखळ. एकानं तर तुळशीला हात जोडले, रोप अलगद काढून घरामागच्या परड्यात लावलं, आणि वृंदावनाचे दगड खांद्यावर घेऊन निघाला!

गडी तापानं पडलेला, म्हणून त्या दिवशी शेट स्वतः खाली उतरले होते. त्यांच्या समोरून शेवंताबाय चालली. विधवा बाई, भाऊबंदांच्या शेतात राबून खाणारी. डोक्यावर पाटा! मिरचीमसाला वाटायचा पाटा, घरात दुसरा नाही. शेट म्हणाले, बाई, हा टाकलास तर उद्या वाटशील कशावर?

ती थांबली नाही. चालता चालता म्हणाली, "भातच ऱ्हवला नाय, तर पाट्यार वाटूचा काय, शेटनू?"

आणि पाटा गेला पाण्यात!

मंडळी, तो पाटा पाण्यात पडला आणि विश्रामशेट जागीच थांबले. त्यांनी वळून माडीकडे पाहिलं. केवढे चिरे! केवढा दगड! आणि भगदाडापासून किती जवळ! शेट ओरडले, "दर्याकडची भिंत काढा!" लोकांना वाटलं, शेट भ्रमले. तोवर शेटनी पहार घालून पहिला चिरा उपटला सुद्धा! मग काय विचारता! सगळं गाव भिंतीला भिडलं. हातोहात चिरे चालले. सज्जा खाली आला, खिडक्यांच्या कमानी आल्या, आणि भरती यायच्या आत भगदाड बुजलं! दुपारचं पाणी आलं, दगडाला धडकलं आणि माघारी गेलं. लोकांनी शेटना खांद्यावर घेतलं. बायांनी ओवाळलं. काय तो जल्लोष!

इथं आख्यान संपवू? पेटीवाले मान हलवताहेत. त्यांना चहाची आठवण झालीय! नाही हो, थांबा. आपला प्रश्न काय होता? दुसऱ्या दिवशी सकाळी काय?

बांधानं रात्रीची भरती कशीबशी पेलली, आणि दुसरा दिवस उजाडला. दर्यावरच्या कुठल्याही माणसाला विचारा, अमावास्येपेक्षा प्रतिपदेचं उधाण मोठं असतं. बांधातले दगड घाईनं रचलेले, फटीफटींतून पाणी झिरपतंय. बांध उंच आणि रुंद केल्याशिवाय आज टिकणार नाही. हे भिकाजी गावकराला दिसत होतं. पण शेटकडे आणखी मागायला त्याची जीभ रेटेना. लोक म्हणाले, काल त्यांनी केलं ते देवानंसुद्धा केलं नसतं, आज कुठल्या तोंडानं जायचं? कुणीही गेलं नाही.

आणि शेट? शेट उरलेल्या माडीत बसले होते. तीन बाजू अजून उभ्या, छप्पर शाबूत. मोकळ्या बाजूला फळ्या ठोकल्या असत्या, तरी गावातलं सगळ्यात मोठं घर तेच! झिरपणारा बांध त्यांनाही दिसत होता. पण अंगातला जोर गेलेला. भिंत नाही तिथून वारा घरात घुसतोय, आणि मनात एकच: मी हे काय केलं? आजोबांची माडी! मंडळी, तेव्हा ते रडले. मी त्यांना हसत नाही. तुम्हीही हसू नका.

पत्नी द्वारकाबाई शेजारी उभी होती. तिला ते म्हणाले, "काल माझ्या आंगात वारां इलेला. आज मी निसतो विश्राम आसय."

आमच्याकडे देव अंगात येतो त्याला वारं म्हणतात. आणि ती माउली काय म्हणाली? ऐका, नीट ऐका! ती म्हणाली, "काल वाऱ्यान दिलां. आज विश्रामान देवचां."

अहाहा! काल वाऱ्यानं दिलं, आज विश्रामानं द्यायचं! हिला कुठल्या पोथीत सापडलं हो हे? एवढं बोलून तिनं देव्हाऱ्यातले देव पदरात घेतले आणि अंगणात जाऊन उभी राहिली.

शेट उठले. ढोल नाही, गर्दी नाही, ओवाळणारं कुणी नाही. पहार घेतली आणि एकटेच मागच्या भिंतीला लागले. धप्प! धप्प! आवाज गावात गेला. लोक दारात आले. भिकाजी गावकर डोळे पुसत आला आणि शेटच्या शेजारी उभा राहून दुसरा चिरा काढू लागला. मग सगळं गाव आलं. भिंती गेल्या, जोत्याचा काळा दगड गेला, सागवानाच्या तुळया बांधाला टेकू म्हणून गेल्या. दुपारी माडीच्या जागी नुसतं आभाळ होतं!

आणि भरती आली! कालच्यापेक्षा उंच, फेसाळलेली! सारं गाव बांधावर उभं. पाणी चढलं, चढलं, काठाला वीतभर उरलं, आणि तिथंच थांबलं. मग हळूहळू उतरायला लागलं! गावकरानं हात जोडून गाऱ्हाणं घातलं, बा देवा रवळनाथा, आज या विश्रामानं तुझी लेकरं राखली, त्याला राख रे म्हाराजा! आणि गाव गरजलं... म्हणा, मंडळी, तुम्हीही म्हणा, व्हय म्हाराजा! अहो, खाडीपलीकडे ऐकू जाऊ दे! व्हय म्हाराजा!

त्या वर्षी खारशेतला वरच्या शेतांतलं भात पिकलं. शेवंताबायला नवा पाटा मिळाला. विश्रामशेट नारळाच्या झापांच्या छोट्या घरात राहिले आणि सुखानं राहिले. माडी होती तेव्हा तिची पायरी चढायला गावातली माणसं बिचकायची. आज? डोक्यावर भारे घेऊन बाया, दप्तरं घेऊन पोरं, सारं गाव तिच्यावरून चालतं!

तुमचे डोळे भरलेत, मला दिसतंय. काका, तुमचेही. चांगलं आहे. आत्ता इथं थाळी फिरवली तर तुम्ही हातातली अंगठी काढून टाकाल. पण ते वारं झालं, मंडळी. तबल्यानं आणलेलं, पेटीनं आणलेलं, बुवांनी आणलेलं. म्हणून आज थाळी फिरणार नाही. घरी जा, जेवा, झोपा. उद्या सकाळी अंगात काही नसेल, तुम्ही नुसते तुम्ही असाल. तेव्हा आपापली टोपली घेऊन बांधावर या.