सातदा विसळलेली बाटली

महिपती : मग? त्या पाण्यात घावलं का काही?

संस्कृती : मामा, आधी बसा. चहा सांगते.

महिपती : चहा नगं. तुझी मामी जाऊन वीस दिवस झाले, कशालाच चव न्हाय. माझ्या फवाऱ्याचं औषध तिच्या पाण्यात हुतं का, एवढंच सांग.

संस्कृती : बाटलीतल्या पाण्यात आहे.

महिपती : म्हंजे रामहरी बोलला ते खरं. दहाव्याला सगळ्यांदेखत म्हणला, ‘दाजी, माझ्या बहिणीला तुमीच मारलं.’ त्या दिशी मी डाळिंबावर फवारत हुतो, हिची कळशी बांधावर उघडी, अन् वारं तिकडंच. पाणी प्याली अन् तासाभरात पडली. इंदापूरला नेस्तवर संपलं. डॉक्टर म्हणलं हार्ट. चिरफाड मीच नगं म्हणलो.

संस्कृती : ऐका जरा. आमच्या लॅबचं हे मशीन फार बारीक बघतं. काचेवर चांदीचे कण असतात, त्यावर पाण्याचा थेंब ठेवून लेझर सोडतो. चांदीला औषधाचा एक रेणू चिकटला तरी ओळखू येतो. एकच, डोळ्याला कधी न दिसणारा. तुमच्या पाण्यात अगदी तेवढंसंच आहे.

महिपती : तेवढ्यानं माणूस मरतं?

संस्कृती : तेवढ्यानं नाही. पण इतक्या दिवसांत औषध विरतं. त्या दिवशी किती होतं, ते आता कळत नाही. मामा, ही बाटली कशाची होती?

महिपती : औषधाचीच की. तूच फोनवर म्हणलीस, स्वच्छ बाटलीत आणा. घट्ट झाकणाची तेवढीच हुती. राख लावून सातदा विसळली, उन्हात वाळवली. वास घेऊन बघितला, काय सुदिक येत नव्हता.

संस्कृती : सातदा धुऊन हे जात नाही. मशीनला दिसलं ते बाटलीतलंही असेल.

महिपती : म्हंजे माझ्या हातनं झालं न्हाय?

संस्कृती : तसंही असेल. नाहीतर कळशीतलंच असेल. दोन्ही सारखंच दिसतं. कळशीतलं पाणी उरलंय का थोडं?

महिपती : दहाव्यापातूर झाकून ठिवलं हुतं. बाटली भरली अन् राहिलेलं तुळशीत वतलं. तिचं उष्टं पाणी, कुठं टाकणार? कळशी सुनेनं घासली.

संस्कृती : तुळशीतली माती...

महिपती : तुळस बागंच्या कडंलाच हाय. दर फवारणीला औषध तितं उडतंय.

संस्कृती : मग काही करता येत नाही, मामा. नवी काचेची बाटली घ्या, एवढं मी सांगायला हवं होतं. चुकलं माझं.

महिपती : तुझं काय चुकलं, पोरी. आता रामहरीला काय सांगू? अन् मला मी काय सांगू?

संस्कृती : मशीनला ठरवता आलं नाही, एवढंच लिहून देते.

महिपती : बाटलीत पाणी उरलंय का?

संस्कृती : अर्धी आहे. पण पिऊ नका हं ते.

महिपती : पीत न्हाय. तिच्या तोंडचं हाय, हितं कशाला ठिवायचं. दे. झाकण घट्ट लाव, यष्टीत सांडंल.