लाल्याच्या डोळ्यातलं फूल

चोपड्याच्या गुरांच्या बाजारावरून बस गेली की मला अजून आमचा लाल्या बैल आठवतो. त्याचे डोळे आले होते. बरे झाले, पण डाव्या डोळ्यात पांढरं फूल राहिलं आणि त्याचा भाव पडला. असा डोळा लोक भिंतीकडे करून बैल उभा करतात. माझ्या वडिलांनी, नानांनी, तो गिऱ्हाइकाकडेच केला.

तरी एकाने रुमालाखाली नानांची बोटं दाबून बरा भाव सांगितला.

"भाऊ, याले डावा डोयाघाई दिखत नही," नाना म्हणाले.

"चालस माले."

नानांनी मोकळ्या हाताने लाल्याची मान खाजवली. मग म्हणाले, "लाथबी मारस."

गिऱ्हाइकाने हात काढून घेतला.

लाल्याने जन्मात कुणाला लाथ मारली नव्हती. संध्याकाळी त्याला घेऊन घरी आलो, तर आईने त्याची पेंड आधीच भिजवून ठेवलेली.