धनश्रीचं सामान

३० एप्रिल २०२४, मंगळवार.

सकाळी अंगणवाडी झाडून घेतली आणि किल्ली प्रेरणाकडे दिली. दुपारी भैरवनाथाच्या सभामंडपात माझ्या निरोपाचा कार्यक्रम झाला. शाल, नारळ, साडी दिली. पेढे वाटले. लाईट गेली होती, त्यामुळे माईक चालला नाही. मी बोलले ते बाळाबाईच्या नातीने मोबाईलमध्ये घेतलं होतं. ते ऐकून इथं उतरवते.

*

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आपल्या गावचे सरपंच माननीय सिद्धनाथराव. एवढ्या उन्हात तालुक्याहून आलेल्या आमच्या पर्यवेक्षिका शेफालीताई. महिला बचत गटाच्या अध्यक्षा कोमलताई. ग्रामपंचायतीचे सर्व सदस्य. मेंढरं दुसऱ्याच्या भरवशावर टाकून धनगरवाड्यावरून खाली आलेले गेनबा. माझी मदतनीस बाळाबाई. उद्यापासून माझ्या जागी सेविका म्हणून काम बघणारी प्रेरणा. जमलेल्या सगळ्या माताभगिनी. आणि पुढं सतरंजीवर पेढा संपवून दुसऱ्याची वाट बघत बसलेली माझी पोरं. सर्वांना माझा नमस्कार.

मला भाषणाची सवय नाही. उभं राहून मी आजवर फक्त बडबडगीतं म्हटली आहेत, आणि तीही समोर बसलेल्यांना पाठ असायची, त्यामुळे चुकलं तरी चालायचं. आज माईक नाही ते एका परीने बरं झालं. मागच्यांना ऐकू आलं नाही तर त्यांनी ते माझ्यावर ढकलू नये, वीज मंडळावर ढकलावं.

माझ्याआधी बोलले त्यांनी माझं फार कौतुक केलं. कोमलताईंनी तर माझ्या युक्त्या सांगून सगळ्यांना हसवलं. नेलपॉलिशने ताटल्यांना खुणा करते, मुंग्यांच्या वाटेवर पावडर टाकते, दप्तराची चेन अडली की लिपस्टिक फिरवते, वजनकाट्याला शॉवर कॅप घालते. शेवटी त्या म्हणाल्या, “सारजाबाईंच्या डोक्यात हे सगळं येतं तरी कुठून, देव जाणे!” तुम्ही टाळ्या वाजवल्या. मी इथं खुर्चीत बसून विचार करत होते, की याचं उत्तर द्यावं का. एरवी दिलं नसतं. पण उद्यापासून मला कुणी विचारायला येणार नाही, म्हणून देते.

गावाला माहीत आहे. शेफालीताई मागच्याच वर्षी बदलून आल्या आणि प्रेरणा सारोळ्याची, लग्न होऊन इकडं आली, म्हणून त्यांच्यासाठी सांगते. मला एकच मुलगी होती. धनश्री. तिचे वडील ती तिसरीत असतानाच गेले. बारावी झाल्यावर ती एसटीने भोरला जाऊन ब्युटी पार्लरचा कोर्स शिकली. शिकण्यासाठी तोंड कुणाचं, तर माझं. ती दोरा दातात धरून माझ्या भुवया कोरायची आणि मी ओरडायचे. ती म्हणायची, “आई, हलू नकोस गं, एक भुवई गेली तर अंगणवाडीतली पोरं भितील.” मग तिने कापूरहोळला गाळा घेतला. नवऱ्या सजवायला लांबलांबच्या वाड्यांवर जायची.

काही वर्षांपूर्वी गणपती बसले तेव्हा तिला ताप भरला. डेंग्यू होता. विसर्जनाच्या आधी ती गेली.

गाळ्याचे मालक चिमाजी टेम्पोत सगळं सामान घालून माझ्या दारात आले. म्हणाले, “मावशी, शटर उघडलं की हेच समोर दिसतंय. माझ्याच्यानं बघवत न्हाई.” मी उतरवून घेतलं. माझी नणंद साळूबाई म्हणाली, “वैनी, गेलेल्या माणसाचं घरात ठेवू नये. भाटघरच्या पाण्यात सोड, न्हाईतर कुणाला तरी देऊन टाक.” ती माझ्या भल्याचंच बोलत होती. भोरची एक पार्लरवाली मुलगीही मागायला आली होती. दोघींना म्हटलं, बघते.

देववत नव्हतं. टाकवत तर त्याहून नव्हतं. मग स्वतः वापरायचं का? आपल्याकडे माझ्यासारख्या बाईने नटायची पद्धत नाही, हे एक झालं. पण ते नसतं तरी माझा हात धजला नसता. तिने दुसऱ्यांच्या लेकींसाठी आणलेलं तिच्या आईनं तोंडाला लावायचं, हे मला जमण्यासारखं नव्हतं. मी सगळं ट्रंकेत भरून वर कुलूप घातलं.

दिवाळीनंतर ट्रंक उघडली तर ओलीने पावडरचे खडे झालेले. नेलपॉलिश घट्ट व्हायला लागलेलं. बाटली उलटी केली तरी आतलं जागचं हलेना. मला वाटलं होतं, निदान सामान तरी राहील. तेसुद्धा जायला निघालं होतं. मग मनाशी म्हटलं, पडून पडून जाण्यापेक्षा कामाला लागून संपू दे.

तुम्ही ज्यांना युक्त्या म्हणता, त्या अशा सुरू झाल्या. डोकं लढवून काही केलेलं नाही. एकेक वस्तू हातात घ्यायची आणि बघायचं, हिला कुठं काम मिळतं का.

पोरांच्या ताटल्या सगळ्या सारख्या. अक्षर कुणालाच येत नाही, म्हणून रोज खिचडीच्या वेळी भांडणं. मी नेलपॉलिशचा एकेक ठिपका मागच्या बाजूला दिला. एकाला लाल, एकीला जांभळा, एकाला चंदेरी. हे रखमाजी बसलेत समोर, ते नातवाची ताटली घेऊन भांडायला आले होते. “बाई, पोरीला निळा आन आमच्या पोराला गुलाबी? तेबी समद्यास्नी दिसंल आसं?” मी म्हटलं, बदलून देते. तर नातूच रडायला लागला, मला गुलाबीच पाहिजे. हसू नका, त्या वर्षी तो गुलाबी ताटलीत दोनदा वाढून घ्यायचा. वजन वाढलं त्याचं.

अंगणवाडीचा कडीकोयंडा पावसात गंजून अडायचा, त्याला व्हॅसलीन. काटा रुतून आलेल्या पोरासाठी भुवयांचा चिमटा. केसांचे मोठे चाप होते, त्यांनी धान्याच्या पिशव्यांची तोंडं बंद केली. पाण्याचा फवारा होता, तो मिरचीच्या रोपांवर. पोरांनी भिंतीवरच्या तक्त्याला चिकटवलेल्या टिकल्या आणि डिंक काढायला नेलपॉलिश पुसायचं पाणी. बाळाबाई नाक धरून बाहेर पळायची. म्हणायची, “बाई, पोरास्नी चक्कर यील!” मग आम्ही ते काम पोरं घरी गेल्यावर, दारं उघडी टाकून करायचो.

आणि केस वाळवायचा ड्रायर. पावसाळ्यात वरच्या वाड्यांवरची पोरं ओढा ओलांडून येतात. टोपी असो, इरलं असो, डोकं भिजतंच. मी रांगेत बसवून एकेकाचं डोकं वाळवायचे. पहिल्या दिवशी बटण दाबलं आणि गरम वाऱ्याबरोबर आतून तिच्या पार्लरचा वास आला. शाम्पूचा, मेंदीचा, थोडा जळक्या केसांचा. ती संध्याकाळी घरी आली की तिच्या ओढणीला तोच वास असायचा. माझ्यासमोर एक चिमुरडी मान खाली घालून बसली होती. ती म्हणाली, “बाई, थांबलात का?”

गेनबांनी हात वर केलाय, म्हणजे त्यांचंही सांगायला हवं. एकदा श्रावणात हे खांद्यावरच्या घोंगडीत नुकतं जन्मलेलं कोकरू घेऊन आले. गारठून लाकूड झालेलं. “बाई, तुमचं त्ये गरम वारं सोडायचं यंतर हाय का? ह्याला जरा दावा.” मी म्हटलं, अहो गेनबा, हे पोरांसाठी आहे. ते म्हणाले, “मग ह्ये काय म्हातारं हाय व्हय?” पोरं गोल करून बसली. बाळाबाईने पोत्याने चोळलं, मी वारा दिला. बऱ्याच वेळाने त्याने कान हलवला, मग लटपटत उभं राहिलं आणि पहिलं काम म्हणजे सतरंजी ओली केली. पोरं टाळ्या पिटत होती. मी बाहेर हौदाजवळ जाऊन उभी राहिले. ते जगलं याचं मला बरंच वाटलं, वाईट नाही वाटलं. पण गारठलेला जीव असा उठून उभा राहतो हे बघितलं आणि मला तिथं थांबता येईना.

तुम्ही मला नावाजायला लागलात. महिला दिनाला या युक्त्यांचं प्रात्यक्षिक ठेवलंत. आणि मग तुम्ही सगळ्याजणी आपापल्या घरच्या जुन्या बाटल्या मला आणून द्यायला लागलात. “बाई, ही लिपस्टिक घ्या, तुमच्या कामाला यील.” “बाई, ही पावडर जुनी झालीये.” तुमचा जीव चांगला होता. मी नाही कसं म्हणणार? तुमच्या वस्तू मी वेगळ्या डब्यात ठेवायचे आणि धनश्रीच्या वेगळ्या. कुणाला सांगितलं मात्र नव्हतं.

मागच्या पावसाळ्याआधी तपासणी होती. मी मीटिंगला भोरला गेले होते. बाळाबाईने हौसेनं सगळं कपाट लावलं आणि दोन्ही डबे एका मोठ्या डब्यात ओतले. मी आले तर ही खूश. “बगा बाई, किती जागा झाली!”

बस खाली, बाळाबाई. उठू नकोस आणि डोळे पुसू नकोस. तुला कशी कळणार होती माझ्या मनातली गोष्ट?

मी तो डबा मांडीवर घेऊन बसले, तेव्हा कुठं तुला उमगलं. मरून रंगाच्या तीन बाटल्या, तिन्ही सारख्या. कुठली तिची? कुठल्या चापाला तिचा हात लागलेला? आई असून मला ओळखता येईना. घरी आणलं असतं तरी काय आणलं, हे मला सांगता आलं नसतं. दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत एक नवीन पोर आलं होतं. त्याच्या ताटलीला खूण हवी होती. मी हाताला लागली ती बाटली उघडली.

मागच्या आठवड्यात प्रेरणाला सगळं समजावून देत होते, तेव्हा तिला बाळाबाईकडून थोडंफार कळलेलं. ती मला म्हणाली, “बाई, तुमच्या मुलीचं जे असेल ते काढून न्या. मी तुमच्यासमोर कपाट उघडते.” फार समजूतदार मुलगी आहे. मी म्हटलं, आता फक्त ड्रायर तेवढा ओळखू येतो. ती म्हणाली, “मग तो तरी न्या.” तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नाही. न्यावा, की नेऊ नये? माझ्याजवळ तिचं म्हणून खात्रीने सांगावं असं तेवढंच उरलंय. काल संध्याकाळी मी एकदा बटण दाबून तोंडापाशी धरला. आता त्याला तिचा वास येत नाही. लोकरीचा येतो, ओल्या पोरांचा येतो. कालपर्यंत मी ठरवलं नव्हतं. आत्ता हे बोलतानाही, इथं येईपर्यंत, ठरवलं नव्हतं.

प्रेरणा, ड्रायर तिथंच राहू दे. घरी नेऊन मी कुणाचे केस वाळवू?

पण नीट ऐक. त्याच्या पिनेची वायर ढिली आहे, जूनच्या आत बदलून घे. ओल्या हाताने लावायचा नाही. लाल बटण दाबायचं नाही, ते फार तापतं, पोरांना निळंच पुरे. आणि मुलाच्या डोक्याला वारा देताना मध्ये आपला हात धरायचा. आधी आपल्या हाताला किती लागतंय ते बघायचं आणि मगच हात काढायचा. घाई करायची नाही, पोर कितीही वळवळलं तरी. हे मला धनश्रीने सांगितलं होतं. आता तुला माहीत झालं.

मी लांबवलं. अध्यक्षांनी मला बोलू दिलं, शेफालीताई उन्हातून आल्या, कोमलताई आणि बचत गटाच्या बायकांनी पेढ्यांपासून सतरंजीपर्यंत सगळं पाहिलं, गेनबा एवढा डोंगर उतरून आले, त्या सगळ्यांची मी आभारी आहे. बाळाबाईचे आभार मानले तर ती घरी येऊन भांडेल, म्हणून मानत नाही. इतक्या वर्षांत कुणाच्या पोराला माझ्याकडून रागानं बोललं गेलं असेल, कुणाला खिचडी कमी पडली असेल, आणि आज आनंदाच्या कार्यक्रमात मी माझंच काढून बसले, ते सगळं पोटात घाला. पोरांनो, आता उठा, तुमचा दुसरा पेढा बाळाबाईकडे आहे.

*

घरी आले तेव्हा ऊन उतरलं होतं. शाल घडी करून ट्रंकेत ठेवली. नारळ देवापुढं ठेवला.

ट्रंकेच्या तळाशी धनश्रीच्या सामानातली एक ट्यूब राहिली होती. पायांच्या भेगांचं मलम. तिचा दुसरा कसलाच उपयोग मला कधी सुचला नव्हता, म्हणून ती तशीच पडून होती, मी विसरूनही गेले होते. उंबऱ्यावर बसले. टाचा दगडाने घासून धुतल्या, पदराने कोरड्या केल्या आणि मलम लावलं.