हिरवे दिवे बघत बस

...आणि वर मलाच म्हणतात, तुला काय, तू नुसती खुर्चीत बसून होतीस! होतेच. तुम्हाला सांगते, लग्नाला जेमतेम महिना, संध्याकाळच्या गाडीची आमची दोघांची तिकिटं, चार दिवस डोंगरावर, बॅग भरून दाराशी, आणि सकाळी थोरले भाऊजी म्हणतात, नाट्यगृहात इंटरकॉम बसवायचाय, किरकोळ काम, दुपारपर्यंत उरकेल, सगळेच चला. सासरचा धंदाच तो, ध्वनियंत्रणेचा. मी काही बोलले नाही.

काम काय, तर पडद्यामागच्या माणसांनी एकमेकांशी बोलायचं, त्यासाठी प्रत्येकाच्या कमरेला एक डबी, कानाला हेडफोन, आणि डबीला एकच वायर, आवाजही तिच्यातूनच आणि वीजही तिच्यातूनच. सगळ्या वायरी येऊन मिळतात एका कोंदट खोलीतल्या स्विचला, म्हणजे प्रत्येक वायरीला एक दिवा असलेल्या पेटीला, आणि तिथं कोणाला बसवावं? मला. "हिरवे दिवे बघत बस, विझला तर सांग, हात लावू नकोस." प्रत्येक वायरीवर चिकटपट्टी, तिच्यावर नाव: रंगमंच, प्रकाश, प्रवेशद्वार. हेडफोन माझ्याही कानाला होताच.

आता त्या डबीचं असं, की बोलायचं बटण एकदा दाबलं की पुन्हा दाबेपर्यंत चालूच. भाऊजी ते विसरले. रंगमंचावर शेजारी उभ्या जाऊबाईंना सांगताहेत, "हिला कुठं इंटरकॉमवर बसवलं? वायर बंद की हीच बंद, कळायचं कसं?" जाऊबाई म्हणतात, "डोंगरावर जाऊन तरी काय करणार, दगडांकडे बघत बसेल. आम्ही गेलो होतो का कुठं?" मी ऐकतेय हे कोणाच्या डोक्यातच नाही. एवढंही गिळलं असतं, बरं का. पण प्रकाशाच्या खोलीतून आमचे हे हसले. हसायला माणूस बटण दाबतो, म्हणजे बघा! मी काही बोलले नाही. 'रंगमंच' लिहिलेली वायर उपटली.

काय शांतता पसरली म्हणून सांगू... मग भिंतीपलीकडून भाऊजींचं "हॅलो, हॅलो". मी वायर परत खोचली, तेवढ्यात नवरा धावत आला. "दिवे हिरवे आहेत?" "आहेत." होतेच की. तो गेला, मग त्याची वायर. हसला होता ना? जाऊबाई प्रवेशद्वाराची डबी लावून "आमच्या वेळी" एवढंच म्हणाल्या, त्यांच्या वेळी काय होतं ते कोणाला कळलंच नाही.

भाऊजी छतात शिरले, डोक्याला कोळिष्टकं घेऊन उतरले. "वीज पुरत नाहीये. एका स्विचवर इतक्या डब्या कशा जगतील?"

"मी म्हणतच होतो, मोठा घेऊ," नवरा म्हणाला.

"तू म्हणालास? घेऊन तर तूच आलास."

दुसरा स्विच आणला, सगळं उपसून परत जोडलं, मी परत दिवे बघायला. सासरी आल्यापासून इतकी करमणूक झाली नव्हती. घड्याळाकडे लक्ष गेलं आणि मी हात आवरला, तशा सगळ्या डब्या शहाण्यासारख्या बोलायला लागल्या. पण नाट्यगृहाचे व्यवस्थापक दारात उभे. "आत्ता चालतंय हो. ऐन प्रयोगात गेलं तर? चार दिवस प्रयोग आहेत, तेवढे दिवस कोणीतरी इथं थांबा."

"स्विच यानं आणला होता, हाच थांबेल," भाऊजी म्हणाले.

मी तोंड उघडलं, हो, खरंच उघडलं. सांगून टाकावं, वायरी मी काढत होते, आता काढत नाही, चला गाडीला? डोंगर मिळाला असता. पण मग जन्मभर घरात नळ गळो, मिक्सर अडो, चारी बाजूंनी नजरा माझ्याकडेच, आणि आज जे कमावलं ते सगळं त्यांना हसायला... तोंड मिटलं. मी काही बोलले नाही.

तिकिटं वाया कशाला घालवायची म्हणून भाऊजी आणि जाऊबाई गेले. गाडीला वेळ थोडा, म्हणून भरलेली बॅगही आमचीच नेली. काल जाऊबाईंचा फोन होता, "कसली थंडी आहे गं इथं, तुझा तो नवा स्वेटर मला अगदी मापाचा बसतो." बसू दे. या दिव्यांच्या खोलीत तसंही उकडतंच.