दुपट्ट्याखालचा सौदा

भूमिका : शून्य चालणार नाही मला. दुसरा आकडा सांग.

साहिल : अवं ताई, मोठेबाबाच्या पितळी घाट्या विकून देतो अन् वरून तुह्याकडून दलाली घेतो? कामठीत कोणाले तोंड दाखवू मी? माही आई घरात घेणार नाही मले.

भूमिका : बाहेरच्यांकडून किती घेतोस?

साहिल : बाहेरच्याचं कायले काढून राहिली?

भूमिका : सांग ना.

साहिल : तीस टक्के. पण त्यात मेहनत पाह्य ना किती. चिंचेनं घासा, फोटो काढा, ऑनलाइन टाका, डब्यात भरा. अन् गिऱ्हाईक तर असं भेटते का विचारू नको. परवा बंगलोरची एक बाई म्हणे, भैया, ही घंटी कोणत्या गाईच्या गळ्यात होती, त्या गाईचा फोटो आहे का?

भूमिका : मग तीस घे.

साहिल : पागल झाली का?

भूमिका : बरं, वीस.

साहिल : लोक कमी कराले भांडतात, तू वाढवाले भांडून राहिली! उलटाच बाजार तुहा.

भूमिका : फुकटच्या कामाचं काय होतं ते मला माहीत आहे, साहिल. पहिल्या महिन्यात धावपळ, दुसऱ्या महिन्यात ताई, कुरिअरवाला आलाच नाही, तिसऱ्या महिन्यात फोन लागत नाही. तू पैसे घेतलेस तर मला तुझ्यावर चिडता तरी येईल. घरचं म्हणून केलंस तर गप्प बसावं लागेल. आणि गप्प बसण्याएवढा वेळ नाही आहे माझ्याजवळ.

साहिल : बाप्पा! बँकेतही असंच बोलते का लोकाइसोबत?

भूमिका : बँकेत जातेय कुठं मी? बिनपगारी रजेवर आहे. दिवसभर इथंच, बेस्याच्या घरी, बाबांच्या ह्या दिवाणाजवळ. सकाळी फिजिओवाली मुलगी येते, दुपारी रामदासपेठला मशीनवर न्यायचं. डॉक्टर म्हणतात अजून तीन-चार महिने करा, हात-पाय सुधारतील. सुधारतीलच का, म्हटलं, तर म्हणतात, सांगता येत नाही.

साहिल : अन् त्याच्यासाठी ह्या घाट्या?

भूमिका : त्याच्यासाठीच. दुसरं काय उरलंय विकायला.

साहिल : हे पाह्य. ही वाजवून पाह्य. जाड पितळ आहे. असं आता कोणी ओतत नाही. ही पुण्याच्या हॉटेलवाल्याले देऊ, तो दरवाज्याले लावते. अन् ही लहानी, गोऱ्ह्याची असंल.

भूमिका : हळू. झोप लागली असेल त्यांची.

साहिल : कुठची झोप? डोळे उघडे आहेत. घाटी वाजली तशी मान वळवली त्याइनं.

भूमिका : आवाजानं वळवतात. मिक्सर लावला तरी वळवतात.

साहिल : ताई, ह्या एवढ्या जमा कशा झाल्या, माहीत आहे का तुले?

भूमिका : छंद होता त्यांचा. आई म्हणायची, तुझा बाप बैल विकतो आणि भंगार घरी आणतो.

साहिल : छंद नाही वं. बैल विकला का शेतकरी दावं अन् घाटी सोडून घेते, परत घरी नेते. पण काही काहीले नेववत नाही. रिकामी घाटी वाजत घरी गेली का बाया रडतात, लेकरं रडतात. मग ते मोठेबाबाच्या हातात देत. रुपरावभाऊ, तुमच्याजवळच राहू द्या. यानं एक विकली नाही कधी. अन् आपण तिचा भाव करून राहिलो. याच्याच उशाशी बसून.

भूमिका : मला बोलायला लावू नकोस. आवडीनं विकतेय का मी?

साहिल : तसं नाही म्हटलं मी. मी म्हणतो, ज्याचा माल त्याले तर विचारू. जिंदगी गेली त्या माणसाची बैलबाजारात दलालीत. दलाली किती घ्याची, हे त्याले नाही कळणार तर कोणाले?

भूमिका : ते बोलत नाहीत, साहिल. लकवा झाला तेव्हापासून एक शब्द नाही. आपलं बोलणं कळतं का, हेही कोणी सांगत नाही.

साहिल : बैलबाजारात कोण बोलते? भाव तोंडानं सांगितला तर अख्खा बाजार ऐकते. दुपट्ट्याखाली हातात हात घेतात, बोटानं बोलतात. त्याइचा दुपट्टा कुठं आहे? तो लाल काठाचा?

भूमिका : धुऊन कपाटात ठेवला. घरी आणलं तेव्हा सारखा माझ्या हातावर ओढायचे तो. डाव्या हातात तेवढा जोर आहे थोडा. मळला म्हणून काढून घेतला, तर चादर ओढायला लागले.

साहिल : तुह्या हातावर?

भूमिका : हो. मला थंडी वाजत असेल असं वाटतं त्यांना. लहानपणी मी पांघरूण फेकायचे, ते उठून घालायचे. मी म्हणते, बाबा, नाही वाजत मला थंडी. आणि परत त्यांच्याच अंगावर घालते.

साहिल : दुपट्टा आण, ताई.

भूमिका : काहून?

साहिल : आण तर खरी.

भूमिका : हा घे. पण त्यांना दमवू नकोस.

साहिल : हे पाह्य, एक बोट धरलं म्हणजे एक. दोन धरले, दोन. पूर्ण पंजा धरला म्हणजे पाच. बोट दुमडलं म्हणजे भाव उतरव. कळलं?

भूमिका : मला कधी नेलंच नाही बाजारात. तू जायचास त्यांच्यामागे.

साहिल : पोरीबाळी येतच नव्हत्या तिथं. मोठेबाबा, ओ मोठेबाबा! मी साहिल. तुमच्या घाट्या विकाच्या आहेत. ताई दलाली घे म्हणते, मी नाही म्हणतो. तुम्हीच तोड काढा. एक बोट म्हणजे दहा टक्के. हं, हा माहा हात.

(दुपट्ट्याखाली दोन हात. बाहेर गल्लीतला भाजीवाला ओरडत पुढे निघून जातो.)

साहिल : धरलं! धरलं वं ताई!

भूमिका : काय धरलं?

साहिल : दोन बोटं. अंगठ्यानं दाबून सांगून राहिले, जसे बाजारात सांगत. वीस टक्के! तूच म्हटलं होतं ना वीस?

भूमिका : त्यांना कळतं? साहिल, त्यांना सगळं कळतं?

साहिल : मले फुकट करू देईनात, म्हणजे चांगलंच कळते. ठरलं मग, वीस. मोठेबाबाच्या वर नाही जात मी. अवं, रडते काहून? ही तर खुशीची गोष्ट आहे.

भूमिका : मग माझ्याशीही बोलत होते ते. चादर ओढून.

साहिल : तुह्यासोबत काय करतात? जसंच्या तसं कर माह्या हातावर.

भूमिका : आधी मनगट चाचपतात. असं, वरखाली. मला वाटायचं घड्याळ शोधतात. मग एकेक बोट दुमडतात, करंगळीपासून. मग मूठ मिटवतात आणि वरून थोपटतात. मी उघडली तर परत मिटवतात. रोज संध्याकाळी.

साहिल : हात सोड माहा.

भूमिका : काय झालं?

साहिल : काही नाही. थंडीच वाटत असंल त्याइले, तुह्यासाठी.

भूमिका : आता तू खोटं बोलू नकोस बे माझ्याशी.

साहिल : ताई, मोठ्याआईच्या पाटल्या कुठं आहेत? तुह्या हातात राहत ना त्या?

भूमिका : लॉकरला.

साहिल : खरं सांग.

भूमिका : विकल्या. दवाखान्याचं बिल होतं. पण बाबांना नाही सांगितलं मी, कोणालाच नाही सांगितलं.

साहिल : तू नाही सांगितलं. तुह्या मनगटानं सांगितलं.

भूमिका : अगं आई गं.

साहिल : अन् मूठ मिटवणं, ते दुसरा कोणी दलाल नाही करे. ती मोठेबाबाची स्वतःची रीत. आपल्यातला कोणी बैल घ्याले आला, अन् बैल आतून संपलेला असला, तर दुपट्ट्याखाली त्याची मूठ मिटवून देत. पैसे जवळ ठेव, ह्या जनावरावर लावू नको. माह्या बाबाची मिटवली होती एकदा. बाबा चिडले, तर म्हणे, माही दलाली बुडाली, तू कायले रडतं?

भूमिका : थांब.

साहिल : तूच विचारलं वं ताई.

भूमिका : म्हणजे रोज... रोज ते मले म्हणून राहिले होते का...

साहिल : मी नाही म्हणत. ते म्हणतात.

भूमिका : अन् मी गुड नाईट बाबा म्हणून चादर काढून घेत होती. ते सांगत होते अन् मी त्यांच्याच अंगावर पांघरूण घालत होती. कोणाशी बोलत असतील ते मग दिवसभर? सरक तू. सरक, मले बसू दे तिथं.

साहिल : बस. हात आत घाल. डावा हात आहे त्याइचा, तुहा उजवा दे.

भूमिका : बाबा, मी भूमिका. साहिल, लागंल ती किंमत देतो, हे कसं सांगतात?

साहिल : पूर्ण पंजा पुढं कराचा. उघडा.

भूमिका : केला.

साहिल : काय म्हणतात?

भूमिका : मनगट पाहून राहिले... आता करंगळी दुमडली. दुसरं बोट. मिटवून राहिले, साहिल. किती जोर लावून राहिले!

साहिल : तू उघड परत. घेणारा अडला असला म्हणजे सोडत नाही.

भूमिका : उघडली.

साहिल : अन् आता?

भूमिका : परत मिटवली.

साहिल : परत उघड. बाजार उठेपर्यंत चालते हे.

भूमिका : तू घाट्या डब्यात भराले घे, साहिल. मी इथंच बसली आहे.