कोंडवाड्यातला पंख

गडचिरोली, १९५६. माघातली सकाळ, अर्ज लिहून देणाऱ्यासमोर रांग. माझ्या लगेच पुढे दोघे, बोलत उभे.

"काऊन वारलूभाऊ, अर्ज कायचा?"

"पंखाचा. परवा धुक्यात दोन फौजी विमानं भिडली ना, रहीमभाऊ? त्यातला एक पंख माह्या लाखोळीच्या वावरात पडला."

"मंग?"

"मंग का? दुसऱ्याच्या वावरात शिरलं, ते कोंडवाड्यात. चार माणसं लावली, बैलबंडीवर घातला, नेऊन कोंडला."

"अरे, ते का गाय हाये?"

"फौजदार बी तेच म्हणते. सांजेपर्यंत होता तिथी नेऊन ठेव, नाई तर तुलेच कोंडतो म्हणते."

"मंग ने ना परत."

"कोंडवाडेवाला सोडत नाई. मालकाची सही पायजे म्हणते."

"मालक जिते हायेत?"

"दोघंही विमानवाले छत्रीनं उतरले. दवाखान्यात बाजूबाजूच्या खाटेवर हायेत. दोघंही म्हणते, पंख माहा नाई, त्याचा."

"काऊन?"

"पंख ज्याचा निघंल, धडकेचा ठपका त्याच्यावर जाईल ना!"

(रांग एक माणूस पुढे.)

"मंग अर्जात का लिहाचं?"

"पंख माहाच हाये, असं लिहून देतो. फक्त धडकेच्या टायमाले मी जमिनीवर होतो, हे मोठ्या अक्षरात टाकाले सांगतो."