जानूची खरी ठरलेली कार्डं

हात घालू नका मॅडम, पोळेल — सवच्या गरम झऱ्याच्या कुंडाचं पाणी हाय हे, थट्टा नाय. थर्मामीटरनं बघा. कुणाचा म्हंजे? शाळेचाच की — महाडला प्रयोगशाळेत शिपाई होतो मी, रिटायर झालो तेव्हा दिला त्यांनी — दिला म्हंजे, कुणी परत मागितला नाय. किल्लारीचा भूकंप झाला ना, त्या सालापासून रोज सकाळी इथं मोजतो. पाणी तापलं की चार दिवसांत जमीन हलते, कोयनेकडनं धक्का येतो, पार पोलादपुरात भांडी वाजतात — हे माझं म्हणणं. आधी सगळी हसायची. धक्का बसला की मी सांगायचो, परवाच पाणी तापलं होतं! महिपत मास्तर म्हणाले, जानू, पाऊस पडून गेल्यावर मीपण सांगीन पाऊस पडणार होता — आधी लिहून दाखव. मग काय, पोस्टकार्ड टाकायला लागलो, माझं मलाच. ‘चार दिवसांत धक्का बसेल.’ वर पोस्टाचा शिक्का, तारखेसकट — शिक्का काय माझं ऐकतोय? ही बघा सात कार्डं, सातच्या सात खरी! ह्यांच्यापायीच तुमी पुण्याहून तपासायला आलात, पेपरात फोटो आला, वरंधला सत्कार झाला. जे हेडमास्तर ‘ए जान्या’ म्हणायचे ते ‘जानूभाऊ’ म्हणाले — बत्तीस वर्षांत पहिल्यांदा. डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

एकूण किती टाकली? सात की. दाखवली ना — असं रोखून काय बघता? सगळी थोडीच जपायची असतात? पोस्टमन आणून देतो, चार दिवस जातात, धक्का बसला नाय तर कार्ड पडतं चुलीपाशी, आमची प्रयागबाई जाळाला घेते. मी सांगत नाय तिला... सांगतो कधीकधी. आठवड्याला एक जायचं, पाच वर्षं — नका, नका आकडा काढू! पाणी तापतं मॅडम, खरंच तापतं, लबाड नाय मी — पण न तापताही टाकलीत. लोकं विचारायची, जानूभाऊ, ह्या खेपेला काय? ‘ठाऊक नाय’ म्हणणाऱ्याला कोण शाल घालतो हो? आता तर माझाच माझ्यावर भरवसा उरला नाय.

आणि आज — थांबा, परत बघतो — तेच! तीन डिग्री वर. एवढं कधीच नव्हतं. कोरं कार्ड सकाळपासून खिशात हाय, दोनदा नाक्यावरच्या पेटीपाशी जाऊन माघारी आलो. चारची डाक निघेल आता. किती वाजले?

तुमचा पत्ता सांगा. हो, पुण्याचा, तुमचाच — माझ्या घरी आलं तर मी जाळीन. बोला लवकर, पिनकोडसकट... हां. पत्ता झाला, ‘चार दिवसांत धक्का बसेल’ तेही लिहिलं. धक्का बसो न बसो, जपून ठेवा, आणि बाकीच्या सातांसोबत चुलीतल्यांचंही लिहा. घ्या, पेटीत तुमीच टाका. मी मागनं धावत आलो, परत मागितलं, तरी देऊ नका. जा!